एड्सचा राक्षस मी होतो

कबुलीपासूनच सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वी एक डिसेंबरला आमच्या वस्तीच्या नाक्यावर पथनाट्य झालं. त्यात एड्सचा राक्षस मी झालो होतो. तोंडाला काजळ, अंगात काळा झगा, गळ्यात पुठ्ठ्याची कवटी. ट्रक डायव्हर धंदेवालीकडे जातो, मी मागून येऊन त्याचा गळा आवळतो, बायको बांगड्या फोडते, पोरं घोषणा देतात, खेळ खलास. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. एका संस्थेच्या साहेबांनी फोटो काढले, टी-शर्ट आणि सर्टिफिकेट दिलं. गोदीत दिवसभर लोखंडाला साखळ्या बांधणाऱ्या मॅट्रिक पोराला कुणी सर्टिफिकेट दिलं की तो फुगतो. मीही फुगलो.

त्या गर्दीत माझ्या टोळीतला एक गडी बायकोला घेऊन उभा होता. त्याला एचआयव्ही आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी केंद्रातून गोळ्या आणायचा, पाळी भरायचा, आमच्याइतकंच ओझं उचलायचा. नाटकानंतर तो डबा घेऊन वेगळा बसायला लागला. मग खाडे. मग खोकला. दहा महिन्यांनी टीबीनं गेला. जलदानाच्या दिवशी त्याची बायको मला म्हणाली, "भावजी, तुमचं नाटक बघून आल्यापासून ते गोळ्यांची बाटली लपवायला लागले. दारात पोरं राक्षस-राक्षस खेळायची. एक दिवस बाटली फेकूनच दिली."

वहिनींनी परवानगी दिली म्हणून हे लिहितोय. त्याचं नाव लिहिणार नाही.

तो गोळ्या बंद पडल्यानं मेला. गोळ्या कशानं बंद पडल्या? विटाळानं. आणि विटाळ म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला पाहिजे का? ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, सावली चालत नव्हती, त्यांचीच आपण पोरं. आणि आपणच नाक्यावर उभं राहून ओरडतो, की अमुक माणूस म्हणजे मरण, त्याच्यापासून लांब राहा!

या देशात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा उघडकीला आली १९८६ साली मद्रासला, धंदा करणाऱ्या बायांचं रक्त तपासलं तेव्हा. तेव्हापासून बोट बाईकडंच. गिऱ्हाईक साफ सुटलं. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला उचलून ६४ दिवस कोंडून ठेवलं. गुन्हा एकच, रक्तात एचआयव्ही. १९९७ साली मुंबई हायकोर्टात एका रोजंदारी कामगाराचा खटला निकाली निघाला. निकालात त्याचं नाव नाही, नुसतं 'एमएक्स'. काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला फक्त एचआयव्हीपायी काम नाकारता येणार नाही, असं कोर्टानं ठरवलं. तुमच्या-माझ्यासारखाच रोजंदारीवाला तो. पुढं २०१७ चा कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय तपासणी नाही, त्याला न विचारता बोभाटा नाही, एचआयव्हीपायी कामावरून हाकलणं नाही. यातलं एक अक्षर आमच्या नाटकात नव्हतं.

आणि औषध? २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतंय. २०१७ पासून लागण कळली की लगेच सुरू करतात. रोज नेमानं घेतलं तर विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही. तसा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईनं औषध घेतलं तर बहुतेक वेळा पोर लागणीतून वाचतं. आमच्या नाटकात मात्र डायव्हर पाच मिनिटांत मरायचा. म्हणजे आम्ही लोकांना चक्क खोटं सांगत होतो. आणि ज्याला खरं ठाऊक होतं, तो गर्दीत गप्प उभा होता.

कुणी म्हणेल, भीती घातल्याशिवाय पोरं ऐकत नाहीत. अरे बाबा, भ्यालेला माणूस तपासणीला जातच नाही, तोंड लपवतो. दुसरा म्हणेल, बायापोरांसमोर निरोध कसा दाखवायचा? नवऱ्याकडून लागण होणारी बाई तिथंच समोर बसलेली असते. तिला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? पांढरपेशांची लाज आपल्या अंगावर कशाला घ्यायची?

मी नाटक सोडा म्हणत नाही. नाटक आपलंच हत्यार आहे. तीसच्या दशकात भीमराव कर्डकांसारखे लोक आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले. त्यांनी गांजलेल्या माणसाला बोलतं केलं, राक्षस नाही केलं. सांगलीला वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायांनी आपल्या जगण्याचं नाटक बसवलं आणि त्यात स्वतः उभ्या राहिल्या. त्यांचं सोंग घ्यायला कुणा कॉलेजवालीची गरज पडली नाही. ज्याचं दुखणं त्याच्या तोंडी शब्द, एवढं तर आपण त्यांच्याकडून शिकू.

यंदा आम्ही राक्षस काढून टाकला. मी गोदी कामगार होतो, पाळीवर निघताना गोळी घेतो, दुपारी चौघांत बसून एकाच डब्यातलं खातो. एक पोरगी निरोध फोडून लाकडी दांडक्यावर चढवून दाखवते. लोक हसतात. हसू दे, बघतात तर खरं. शेवटी अर्धा तास प्रश्नांचा. डास चावून होतो का? एका ताटात जेवून होतो का? नाही, नाही. असुरक्षित संबंधातून होतो, दूषित रक्तातून, दुसऱ्यानं वापरलेल्या सुईतून, आईकडून पोराला. तपासणी कुठं होते तेही सांगतो, आणि १०९७ हा फुकटचा फोन नंबर सगळ्यांकडून पाठ करून घेतो.

वहिनी तालमीला येऊन बसतात. परवा मला म्हणाल्या, "गोळी घेताना एवढं तोंड वाकडं करू नका भावजी. हे चहाबरोबर सहज घ्यायचे." तसंच करतो आता.

तुमच्या वस्तीत पथनाट्य बसत असेल तर आधी बघा, कवटी घालून कुणाला उभं केलंय ते. त्याच्या गळ्यातली कवटी काढा, हातात गोळ्यांची बाटली द्या. आणि त्यासाठी एक डिसेंबरची वाट बघू नका.