चढताना सगळे सोबत, उतरताना कोण?

मुंबई : लालबाग-परळच्या जुन्या चाळींत आजही सातारा, कोल्हापूर आणि कोकणातल्या कित्येक गावांच्या सामाईक खोल्या आहेत. गिरणीच्या काळात आजोबांनी जिथे पथारी टाकली, तिथे आता नातू राहतो. रविवारी पहाटे दादरला कसारा लोकल धरायची आणि एखादा गड करून रात्री परत यायचं, हा या पोरांचा नाद. आता त्यांची मजल हिमालयापर्यंत गेली आहे. केदारकंठा, लडाख, एव्हरेस्ट बेस कॅम्प ही नावं गावच्या पारावरही ऐकू येतात. हौस चांगली आहे. पण वर कुणाला विरळ हवेचा त्रास झाला तर त्याला खाली कोण आणि कसं आणणार, हे निघण्याआधी फार कमी जण विचारतात.

पहिला गैरसमज सह्याद्रीचा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे शंभर गड केले तरी पाय आणि दम तयार होतो, विरळ हवेची सवय होत नाही. उलट तगडा गडी भरभर चढतो आणि त्यालाच आधी त्रास होऊ शकतो. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. समुद्रकाठच्या मुंबईहून विमानाने माणूस त्याच दिवशी तिथे पोचतो, शरीराला मात्र सवय व्हायला काही दिवस लागतात. एव्हरेस्ट बेस कॅम्पला, 5,364 मीटरवर, हवेचा दाब मुंबईच्या जवळपास निम्माच असतो.

यात्रेकरूंचंही तेच. गौरीकुंड सुमारे 1,980 मीटरवर आणि केदारनाथ सुमारे 3,580 मीटरवर. एका दिवसात सोळाशे मीटरची चढाई, म्हणजे समुद्रापासून कळसूबाईच्या टोकापर्यंत चढल्यासारखंच.

सुरुवात साधी असते. डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, झोप लागत नाही. अशा वेळी आणखी वर न जाता थांबायचं. पण चालताना तोल जाऊ लागला, माणूस बरळू लागला तर मेंदूला सूज येत असते. बसल्या जागी धाप, खोकला, फेसाळ थुंकी दिसली तर फुफ्फुसात पाणी होत असतं. दोन्हीत जीव जाऊ शकतो आणि दोन्हीत खरा उपाय एकच, लगेच खाली उतरणं. बहुतेकांना 300 ते 1,000 मीटर उतरल्यावर फरक पडतो.

मग उतरत का नाहीत? पैसे भरलेले असतात. मंडळात नाचक्की होईल असं वाटतं. कधी म्होरक्याच म्हणतो, 'गोळी घे, सकाळी बघू.' डोकेदुखीच्या गोळीने दुखणं झाकतं, आजार जात नाही. सकाळपर्यंत माणूस स्वतःच्या पायांनी उतरण्याच्या पलीकडे गेलेला असू शकतो.

उतरण्याचीही रीत आहे. आजाऱ्याला एकट्याला कधीच पाठवायचं नाही. मेंदूवर परिणाम झालेला माणूस 'मी ठीक आहे' असंच म्हणतो, त्यावर विसंबायचं नाही. त्याची सॅक दुसऱ्याने घ्यायची. धाप असेल तर शक्यतो उचलून किंवा घोड्यावर न्यायचं, कारण श्रमाने फुफ्फुसाचा त्रास वाढतो. अंगावर ऊब हवी, ऑक्सिजन असेल तर लावायचा, दारू आणि झोपेची गोळी बंद.

शिखर गाठलं म्हणजे सुटलो, असंही नाही. मे 2019 मध्ये एव्हरेस्टवर गर्दीने रांग लागली होती. ठाण्याच्या अंजली कुलकर्णी आणि अकलूजचे 27 वर्षांचे निहाल बागवान या दोघांनीही शिखर गाठलं होतं. दोघांचाही जीव उतरताना गेला. तिथली उंची आणि आपला ट्रेक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण उतरण्यापुरती ताकद, ऑक्सिजन आणि वेळ राखून ठेवायला हवा, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

गिरगाव, दादर, लालबागच्या गोविंदांना हे वेगळं सांगायला नको. थर लागले, सलामी दिली, तरी सगळे सुखरूप खाली येईपर्यंत उस्तादाचा जीव टांगणीला असतो.

म्हणून पोरगा निघण्याआधी गावाकडच्या आई-बापाने चार गोष्टी विचाराव्यात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढत नाही ना? मधे विश्रांतीचा दिवस आहे का? सोबत ऑक्सिजन आहे का? आणि कुणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर खाली कोण येणार, त्याचं नाव काय? या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नसेल, तर तो ट्रेक यंदा राहिला तरी चालेल. हिमालय पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.