एकटीचं पान

'किती जण?' हॉटेलच्या दारातला कॅप्टन विचारतो. आपण म्हणतो, 'एक.' मग तो आपल्या खांद्यावरून मागे बघतो. कुणीतरी पार्किंगमध्ये अडकलं असणार, अशी त्याची खात्रीच असते! मागे कुणीच नाही म्हटल्यावर आपली रवानगी होते ती थेट वॉश-बेसिनशेजारच्या टेबलावर. मंडळी, ओळखीचं वाटतंय ना?

त्यातल्या त्यात उडप्याकडे बरं. तिथे एकट्या माणसाला कुणी काही विचारत नाही. समोर दुसरा कुणीतरी अनोळखी बसवतात, इडली-सांबार, चहा, बिल, की दहा मिनिटांत रस्त्यावर. पण ते जेवण नव्हे, ते उरकणं. ऑफिसातही तेच. डबा डेस्कवर, एक डोळा एक्सेलवर. आणि चांगल्या, महागड्या ठिकाणी जायचं तर निमित्त लागतं. कुणाचा बर्थडे, कुणाचं प्रमोशन, नाहीतर डेट. फक्त स्वतःसाठी, मुद्दाम, एकटीने? छे, काहीतरीच काय!

तर मी गेले. तेही टोकियोत, गिंझासारख्या पॉश भागात, सुशीच्या काउंटरवर. ऑफिसच्या कामासाठी टोकियोला आठ दिवस होते आणि शेवटची संध्याकाळ मोकळी होती. ज्या हॉटेलात उतरणार होते, त्यांच्यामार्फत महिनाभर आधी एक खुर्ची बुक करून ठेवली होती. हो, एक खुर्ची. टेबल नव्हे.

कारण तिथे टेबलच नसतं. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाची एक लांब, गुळगुळीत फळी. अलीकडे आठ खुर्च्या, पलीकडे सुशी करणारा उस्ताद. त्याला म्हणतात 'इतामाए', म्हणजे 'फळीसमोरचा'. मेन्यूकार्ड नाही. असतं ते 'ओमाकासे'. अर्थ सोपा आहे: तुमच्यावर सोपवलं, तुम्ही द्याल ते खाईन. पहिल्यांदा ऐकल्यावर हे फार ग्रेट वाटतं. मग लक्षात येतं, घरी तरी कोण मेन्यू मागतं?

इथे थोडा इतिहास. ही जी भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवलेली 'निगिरी' सुशी आहे, ती राजेरजवाड्यांचं खाणं नव्हतं बरं का! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, ती रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जायची. हानाया योहेई नावाच्या माणसाला तिच्या जन्माचं श्रेय देतात. गडबडीतल्या माणसाने उभ्याउभ्या यायचं, दोन-चार तुकडे हाताने तोंडात टाकायचे आणि चालू पडायचं. थोडक्यात, एदोचा वडापाव! वडापाव खायला आपण कधी कंपनी शोधतो का? पुढे गाड्या गेल्या, चकाचक दुकानं आली, दर आकाशाला भिडले. पण गाडीची फळी आणि एकट्याने येणारं गिऱ्हाईक, दोन्ही टिकून राहिलं.

आता प्रत्यक्ष जेवण. गरम पंचा, हिरवा चहा, आल्याचे गोडसर काप. मग एकेक तुकडा. आधी पांढरा मासा, मग 'कोहादा' हा मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला चंदेरी मासा. त्यानंतर ट्यूनाचे तीन प्रकार: आधी कमी चरबीचा लालबुंद 'आकामी', मग 'चूतोरो', शेवटी लोण्यासारखा विरघळणारा 'ओतोरो'. भात अंगाइतपत कोमट, मासा थोडा गार. हा तोल काही क्षणांचाच असतो. म्हणून समोर तुकडा आला की खायचा, गप्पा नंतर. आणि गंमत म्हणजे गप्पा मारायला बरोबर कुणी नसलं, की हे आपोआप जमतं. माझ्या डावीकडच्या चौघांच्या ग्रुपमधले दोघं फोटो काढत बसले होते. त्यांचा ओतोरो बिचारा वाट बघत होता.

तिसऱ्या तुकड्याला एक गोष्ट घडली. मी डावखुरी. लहानपणी यावरून पंगतीत भरपूर बोलणी खाल्लेली. 'उजवा हात, उजवा हात!' इथे पहिले दोन तुकडे मी सवयीने डाव्या हाताने उचलले. तिसरा तुकडा समोर आला तेव्हा त्याची दिशा बदललेली होती. डाव्या बोटांना नीट पकडता येईल असा, तिरका. तो माणूस एक शब्द बोलला नाही. पुढचे सगळे तुकडे तसेच आले.

खरं सांगू? त्या क्षणी घशात काहीतरी अडकलं, आणि तो वसाबी नव्हता.

रात्री आईला फोन केला. बिल सांगितलं, २२,००० येन, म्हणजे साधारण बारा-तेरा हजार रुपये. म्हटलं, आता ऐका लेक्चर. पण आईने विचारलं भलतंच. 'म्हणजे तो माणूस समोर उभा राहून तुझं एक खाऊन झालं की दुसरं करून देत होता?'

'हो.'

'गरम गरम?'

'गरम नाही गं, पण हो.'

आई जरा थांबली. म्हणाली, 'मज्जा आहे बाई तुझी.'

त्यानंतर बराच वेळ झोप लागली नाही. कारण हे सगळं मी रोज बघितलेलं आहे. तव्यावरची पोळी थेट पानात. कुणाला अर्धी हवी, कुणाला कडक, कुणाला तूप लावून, सगळं न विचारता ठाऊक. आमच्या घरातली इतामाए ओट्यापाशीच उभी असायची! फरक इतकाच, की सगळ्यांचं झाल्यावर ती एकटीच जेवायला बसायची, आणि तिच्या पानात उरलेली, गार झालेली पोळी. तिची आईही तशीच. म्हणजे आपल्याकडच्या बायकांना एकटीने जेवणं नवीन नाही. एकटीला कुणीतरी वाढणं, हे नवीन आहे.

जपानमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही हं. तिथेही घरचा स्वयंपाक बाईचा आणि सुशीचा काउंटर पुरुषांचा, अशीच वाटणी. बायकांचे हात गरम असतात, मासा बिघडतो, असं तिथे वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. २०१०मध्ये टोकियोच्या अकिहाबारात 'नादेशिको' नावाचं फक्त बायकांनी चालवलेलं सुशीचं दुकान निघालं, तेव्हा ती बातमी झाली. पण एक शब्द त्यांच्याकडून जरूर उचलावा. एकट्याने आलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणतात 'ओहितोरिसामा'. 'हितोरी' म्हणजे एकटी व्यक्ती, पुढचा 'ओ' आणि मागचा 'सामा' आदरार्थी. म्हणजे जवळजवळ 'एकट्या बाईसाहेब'! उएनो चिझुको या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००७मध्ये एकट्या बायकांच्या म्हातारपणावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही हाच शब्द होता. ते तुफान खपलं.

तुम्हालाही जायचं असेल तर थोड्या टिप्स. काय खात नाही ते बुकिंग करतानाच सांगा. वेळेवर पोचा. परफ्युम लावू नका, माशाचा वास मरतो. सोया सॉस बहुतेकदा आधीच ब्रशने लावलेला असतो, वर आणखी ओतू नका. हाताने खाल्लं तर बिनधास्त चालतं. फोटोआधी विचारा. टिप ठेवायची पद्धत नाही. आणि गिंझा परवडत नसेल तर नाक्यावरचं आवडतं हॉटेल चालेल, फक्त फोन पर्समध्ये ठेवा आणि वॉश-बेसिनशेजारचं टेबल नको म्हणून ठणकावून सांगा.

आणखी एक काम. या रविवारी आईला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवा. एकटीलाच. पोळ्या तुम्ही लाटा, जगाचे नकाशे झाले तरी हरकत नाही. एक संपली की दुसरी, तव्यावरून थेट पानात. 'तुम्हीपण बसा ना रे' असं ती म्हणेलच.

अजिबात ऐकू नका.