खाटेवरची ऐंशी वर्षं

आंब्यावरून पडून कमरेखालचं अंग गेलेला गडी नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या परिसरातल्या एखाद्या पाड्यावर दवाखान्यातून परततो, तेव्हा येणारा-जाणारा त्याच्या पाठीची चौकशी करतो. पाठीची जखम भरून येते. खरी पडझड मांडीत चाललेली असते. पहिल्या सहा आठवड्यांतच मांडी डोळ्यांना दिसेल इतकी उतरते. पायाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी तेवढ्याच अवधीत साधारण ३० टक्क्यांनी अरुंद होते. पोटरीचं आकुंचन थांबल्यामुळे शिरांत रक्त साचतं, गुठळी धरते, आणि ती फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर आणखी एक विचित्र संकट असतं. लघवीची नळी नुसती पिळली गेली तरी रक्तदाब भडकतो, डोकं फुटायला येतं, चेहरा लाल होऊन घाम सुटतो. अशा वेळी रुग्णाला आधी उठवून बसवायचं आणि नळीचा पीळ सोडवायचा, हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन वैद्याने मणक्याच्या या दुखण्यावर उपचार करू नये, असं लिहून ठेवलं. पहिल्या महायुद्धापर्यंत व्यवहार तसाच होता. बहुतेक जखमी शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने जात. १९४४ साली इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमान यांनी ही रीत मोडली. त्यांच्याकडे जादूचं औषध नव्हतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची आणि त्याला कामाला, खेळाला लावायचं, एवढंच.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आपण पोटभर केलं. त्यांच्या पाठीशी लष्कराची इस्पितळं होती, हे मात्र सोयीने विसरलो. सैनिकांसाठी खडकीला स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे. बिनवर्दीच्या माणसासाठी मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे, पण नवापूरहून तिथे जायचं म्हणजे सोबतच्या माणसाची मजुरी बुडाली.

संशोधनाने अलीकडे एक दिलासा दिला आहे. आकसलेल्या रोहिणीचं अस्तर बऱ्याच अंशी शाबूत असतं. काम कमी झालं म्हणून ती लहान झालेली असते. सौम्य विद्युतप्रवाह देऊन लुळ्या पायांकडून सायकल चालवून घेतली, तर काही आठवड्यांत ती पुन्हा रुंदावू लागते. ती यंत्रं तालुक्याला लगेच आणा, असा आमचा हट्ट नाही. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात रुग्ण अजून बांबूच्या झोळीतून डोंगरावरून खाली आणावा लागतो आणि त्या झोळीत मोडका कणा आणखी वाकतो. तिथे आधी सपाट फळी हवी, मग रस्ता हवा.

त्यानंतरचं काम मात्र आजच होण्याजोगं आहे. नवजात बाळासाठी आशाताई ४२व्या दिवसापर्यंत ठरल्या तारखांना घरी जातात. मणक्याच्या रुग्णाची मांडी उतरते तीही त्याच सहा आठवड्यांत. त्यांच्या वहीत त्याच्यासाठी एक पान वाढवावं: कूस बदलली का, टाचा-माकडहाड तपासलं का, पायांचा व्यायाम करून घेतला का, नळी मोकळी आहे का. ग्रामीण रुग्णालयातल्या भौतिकोपचार तज्ज्ञाने आठवड्यातून एकदा ते पान पाहावं, आणि या तज्ज्ञांची पदं रिकामी असतील तर राज्याच्या आरोग्य विभागाने ती आधी भरावीत.