आधी बोलणे, मग व्याकरण



‘परदेशी जाणाऱ्या उद्योजकांनी आधी इंग्रजी व्याकरण पक्के करावे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला अजिबात पटले नाही. आमच्या कोल्हापूरचे फाउंड्रीवाले कास्टिंगचे नमुने दाखवायला जर्मनीला जातात. क्रियापदाचा काळ चुकला म्हणून तिथे कुणाचे अडत नाही. अडते ते पुढचे विमान चुकल्यावर, किंवा बॅग पट्ट्यावर आलीच नाही तर. तेव्हा विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर ‘माय बॅग हॅज नॉट कम’ म्हणून पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीची नोंद, मागून घेता आली पाहिजे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार सामान मोडले असेल तर ते मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा मिळाले असेल तर 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. चार ओळींची अशी तक्रार लिहिता येणे हेच खरे कामाचे इंग्रजी! इमिग्रेशनला कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे उतरणार, एवढेच बहुधा विचारतात. ती उत्तरे मात्र मोठ्याने बोलून घोटावी लागतात. व्याकरण मागाहून येईल.

आपल्या औद्योगिक संघटनांनी असा तोंडी सराव करून घेणारे वर्ग सुरू करावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर