बावीस धावांचे मोल

तंजावरच्या भोसले राजांच्या जुन्या मुलखात, कावेरीच्या काठी कुंभकोणम हे शहर वसले आहे. थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तेथेच गेले. 1904 साली शिष्यवृत्ती मिळवून ते तेथील सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. परंतु गणितावाचून अन्य विषयांत त्यांचे मन रमेना. त्या विषयांत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे 1918 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सन्मानाने आपले सदस्य करून घेतले. महाविद्यालयातील ते गुण खोटे नव्हते. परंतु तेवढ्यावरून त्या विद्यार्थ्याची योग्यता ठरवणे चुकीचे होते.

क्रिकेटपटूंची पारख करताना आपणही हीच चूक करतो. कसोटी सामना संपला की चहाच्या दुकानात, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात न्यायनिवाडा सुरू होतो. ज्याने शतक काढले तो थोर आणि जो शून्यावर बाद झाला तो कुचकामी! पाच दिवसांच्या झुंजीचा निकाल असा एका आकड्यात लावता येईल का?

कुंभकोणमच्या उत्तरेला चेन्नईतील चेपॉकचे मैदान आहे. मार्च 2001 मध्ये तेथे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील मालिकेचा शेवटचा सामना झाला. मालिका 1–1 अशा बरोबरीत होती. हरभजनसिंगने दोन डावांत मिळून 15 बळी घेतले. सचिन तेंडुलकरने पहिल्या डावात 126 धावा काढल्या. हे आकडे स्वतःच बोलतात. त्यांना वकिलाची गरज नाही.

परंतु शेवटच्या डावात विजयासाठी 155 धावा हव्या असताना भारताची अवस्था 7 बाद 135 अशी झाली. खेळपट्टीवर होता मुंबईचा यष्टिरक्षक समीर दिघे. वय 32 वर्षे आणि कसोटी पहिलीच! त्याच्या जोडीला आलेल्या झहीर खानने एकही धाव काढली नाही. पण तो टिकून राहिला आणि तेवढ्या वेळात 16 धावांची भर पडली. झहीर बाद झाल्यावर दिघे आणि हरभजन यांनी विजय गाठला. दिघे 22 धावांवर नाबाद राहिला. पुढे तो एकूण 6 कसोटी सामने खेळला. धावफलक वाचणाऱ्याच्या नजरेतून ते 22 सहज निसटतील आणि झहीरचे शून्य तर अपयश म्हणूनच वाचले जाईल. वास्तविक त्या दोघांनी दम धरला नसता, तर हरभजनच्या 15 बळींवरही पराभवाची छाया पडली असती.

पराभवाची छाया कशी असते, हे त्याच मैदानाने दोन वर्षांपूर्वी पाहिले होते. जानेवारी 1999 मध्ये पाकिस्तानविरुद्ध 271 धावांचा पाठलाग करताना भारताचे 5 गडी 82 धावांत बाद झाले. पाठदुखी सोसत तेंडुलकरने 136 धावा काढल्या. तो बाद झाला तेव्हा 17 धावा हव्या होत्या. उरलेले तीन गडी अवघ्या 4 धावांत बाद झाले आणि भारत 12 धावांनी हरला. ‘त्याने सामना संपवायला हवा होता,’ असे म्हणणारे त्या वेळीही निघाले. त्याच सामन्यात व्यंकटेश प्रसादने एका डावात 33 धावांत 6 बळी घेतले होते. पराभवाच्या हळहळीत त्या कामगिरीची आठवण किती जणांना राहिली?

याचा अर्थ आकडे निरुपयोगी आहेत, असा नव्हे. आकडे नसतील, तर आवडत्या खेळाडूचे सर्वच गोड आणि नावडत्याचे मीठही अळणी, असा प्रकार होईल. म्हणून आकडा जरूर पाहावा. पण त्याला काही प्रश्नही विचारावेत. धावा कोणत्या क्षणी झाल्या? समोर गोलंदाज कोण होते? खेळपट्टी कशी होती? संघाला त्या वेळी काय हवे होते, धावा की केवळ तग धरणे? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर जे मत बनते, त्यालाच मूल्यमापन म्हणता येईल.

ही सवय मैदानापुरती राहू नये. वेळेवर शाळा सुटलेल्या, वय वाढल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या माणसाची किंमत गुणपत्रिकेतील एका आकड्याने ठरत नाही. तो कोणत्या परिस्थितीत खेळपट्टीवर उतरला आणि किती वेळ टिकून राहिला, हेही पाहावे लागते. बत्तिसाव्या वर्षी पदार्पण करणाऱ्याच्या बावीस धावा आपल्याला हेच शिकवतात.