कोठीचा हिशोब कोण सांगणार?

‘कोठीला जाऊन येते’ असे हैदराबादच्या आपल्या घरांतून रोज म्हटले जाते. ही कोठी म्हणजे मूळची ब्रिटिश रेसिडेन्सी, आजचे महिला विद्यापीठ, हे नव्या पिढीत फारसे कुणाला ठाऊक नसते. शेजारचा सुलतान बाजार हा त्याच रेसिडेन्सीचा बाजार. १९३३ पर्यंत तिथे निजामाचा नव्हे, इंग्रजांचा अंमल होता.

इमारत देखणी आहे यात शंका नाही. १८०३ च्या सुमारास काम सुरू झाले, आराखडा लेफ्टनंट सॅम्युअल रसेलचा. समोर सहा उंच कोरिंथियन खांब, रुंद पायऱ्यांच्या दोन बाजूंना सिंह, आत दुहेरी वळणाचा जिना. दरबार हॉलच्या छतावरची नक्षी तर चक्क कागदाच्या लगद्याची! पुष्कळ वर्षांच्या पडझडीनंतर वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या साह्याने दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली. तेव्हापासून जो तो रेसिडेंट कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची प्रेमकथा सांगतो आहे. जरूर सांगावी. पण वास्तू पुरी होण्याआधीच, १८०५ साली, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला.

बँकेत खतावण्या पाहण्यात उमेद गेली म्हणून असेल, मला प्रश्न पडतो तो निराळाच. पैसे कोणी दिले? निजामाने! १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवले, तेव्हा इंग्रज बाजूला उभे राहिले. पुढे १७९८ च्या तहाने त्यांचीच तैनाती फौज निजामाच्या गळ्यात पडली, आणि रेसिडेंटच्या घराचा खर्चही. मग आली पामर कंपनी. १८२० साली रेसिडेंटच्या शिफारशीने तिने दरबाराला साठ लाखांचे कर्ज दिले. (आमच्याकडे असे प्रकरण साध्या ऑडिटलाही टिकले नसते.) ती पेढी १८२४ मध्ये बुडाली, पण कंटिन्जंट फौजेच्या पगाराची थकबाकी वाढतच गेली. अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांकडे गेले. धाराशिव व रायचूर १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच.

वऱ्हाड-धाराशिवकडची मूळ असलेली कितीतरी कुटुंबे आज आपल्या मंडळाची सभासद आहेत. त्यांच्या पणजोबांचा सारा कोणाच्या तिजोरीत जमा व्हायचा, ते या कोठीतून ठरले. मंडळाने विद्यापीठाला रीतसर पत्र द्यावे आणि १८५३ च्या तहाची माहिती देणारा फलक तेलुगू, उर्दू, इंग्रजीबरोबर मराठीतही लावण्याची मागणी करावी. मजकूर तपासून द्यायला आपल्यातले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक नाही म्हणणार नाहीत. फलकाचा खर्च वर्गणीतून सहज निघेल; माझी पावती पहिली फाडावी.