लाकूडतोड्यांचा शब्द आणि शास्त्राची परिभाषा

वसंतात झाडाला नवी पालवी फुटू लागली म्हणजे त्याची साल खोडावरून सहज सोलून निघते. त्याच झाडाची साल काही महिन्यांनी काढू गेल्यास ती लाकडाला घट्ट चिकटलेली आढळते. हा फरक प्राचीन ग्रीसमधील लाकूडतोड्यांच्या चांगला परिचयाचा होता. त्यासाठी त्यांच्या बोलीत ‘लोपान’ असे स्वतंत्र क्रियापदच होते. ‘लोपोस’ म्हणजे साल किंवा टरफल. त्याच्याशी हे क्रियापद निगडित आहे. साल आपोआप गळून पडणे, एवढाच त्याचा अर्थ घेणे योग्य नव्हे. झाडाची साल सुटण्याजोगी होणे, हा त्याचा खरा आशय होय.

हे क्रियापद आज ज्ञात आहे ते थिओफ्रॅस्टसच्या ग्रंथातून. लेस्बॉस बेटावरील एरेसॉस येथे इ. स. पू. ३७१ च्या सुमारास जन्मलेला हा पंडित ॲरिस्टॉटलचा शिष्य. गुरूच्या मागे अथेन्समधील लायसियम या विद्यापीठाची धुरा त्यानेच वाहिली. वनस्पतींवरील त्याच्या नऊ खंडांच्या ग्रंथातील पाचवा खंड लाकडासंबंधी आहे. त्याच्या प्रारंभीच तो सांगतो की, जे ओंडके गोल ठेवून सोलावयाचे ते पालवी फुटण्याच्या वेळी तोडावेत; कारण सालीखाली ओलावा उत्पन्न झाल्यामुळे ती तेव्हा सहज निघते, आणि यालाच लोक ‘लोपान’ म्हणतात. चौकोनी तासावयाचे लाकूड मात्र हा काळ उलटल्यावर तोडावे.

‘लोक म्हणतात’ या दोन शब्दांत एक मोठी शिकवण आहे. थिओफ्रॅस्टसने येथे नवा, पांडित्यपूर्ण शब्द घडविला नाही. आर्केडिया, मॅसिडोनिया व इडा पर्वत येथील रहिवाशांचे अनुभव तो आपल्या ग्रंथात वारंवार नोंदवितो. कुऱ्हाड चालविणाऱ्यांचा शब्दही त्याने तसाच आदराने स्वीकारला. परंतु तो तेथेच थांबला नाही. शब्दाचा अर्थ त्याने निश्चित केला आणि त्यामागील कारणही शोधले. हे कारण अपुरे होते, तरी त्याची दिशा चुकीची नव्हती. साल व लाकूड यांच्यामध्ये ऊतककर नावाचा पेशींचा पातळ थर असतो. वाढीच्या काळात त्याच्या पेशी वेगाने विभागतात. नव्या पेशींच्या भित्ती पातळ व कोवळ्या असल्यामुळे साल तेथूनच विलग होते, हे आज सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने कळले आहे.

महाराष्ट्रातील संत्र्याच्या रोपवाटिकांत हाच अनुभव नित्य येतो. खुंटाची साल सुटू लागली म्हणजे माळी तिला चीर देऊन डोळा भरतो. ‘साल सुटणे’ हे त्याचे साधे शब्द ‘लोपान’चाच अर्थ व्यक्त करतात. तरीही विद्यार्थ्याला ‘ऊतककर’ पाठ असतो आणि माळ्याच्या शब्दांशी त्याचा संबंध मात्र उमगत नाही.

भारतीय भाषांतील परिभाषेसाठी १९६१ साली वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. अखिल भारतीय समानतेसाठी संस्कृतोद्भव शब्दांची गरज आहे, यात शंका नाही. बोलीतील शब्द गावोगाव बदलतात आणि त्यांचे अर्थ सैल असतात, हा आक्षेपही खरा आहे. परंतु अर्थ सैल असल्यास तो व्याख्येने बांधता येतो. थिओफ्रॅस्टसने तेच केले. व्यवसाय लोपला म्हणजे त्याचे शब्दही लोपतात, आणि त्यांच्याबरोबर पिढ्यानपिढ्यांचे निरीक्षण नाहीसे होते. म्हणून कोशकारांनी संस्कृत धातूंकडे पाहावे, तसेच रोपवाटिकांत व सुतारांच्या कामठ्यांवरही जावे आणि पारिभाषिक शब्दाशेजारी कारागिराचा शब्द नोंदवावा. त्यामुळे शास्त्राची प्रतिष्ठा उणावणार नाही. उलट शास्त्र कोठून उगम पावते, हे वाचकाला कळेल.